शस्त्राची किंमत आणि कारखान्याचा वेग

संरक्षण मंत्रालयाने १२ डिसेंबर २०२४ रोजी हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजेच एचएएलशी बारा सुखोई-३० एमकेआय विमानांचा करार केला. करारमूल्य कर आणि शुल्कांसह सुमारे १३,५०० कोटी रुपये होते आणि विमाने तयार व्हायची होती नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात. साधा भागाकार केला तर एका विमानामागे ११२५ कोटी रुपये येतात. याच ओझरमध्ये तयार होणाऱ्या याच जातीच्या विमानाला सुमारे ४१८ कोटी रुपये पडतात, असे आकडे २०१८ मध्ये वृत्तपत्रांत आले होते. सहा वर्षांत किंमत अडीचपटीहून अधिक कशी झाली, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडला तर त्यात वावगे काही नाही.

अर्थात हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवणे काटेकोर हिशेबाला धरून नाही. नव्या करारात विमानासोबतची उपकरणे आहेत, कर आहेत, मधल्या काळातील महागाई आणि चलनाच्या दरातील फरक आहे. पण हे सारे बाजूला काढले तरी एक मूलभूत फरक शिल्लक उरतो. ओझरने आधी जी सुखोई विमाने बांधली ती २२२ होती: डिसेंबर २००० च्या मूळ करारातील १४०, नंतरची ४० आणि शेवटची ४२. उत्पादन भरात असताना वर्षाला बाराच्या आसपास विमाने बाहेर पडत होती. नवी मागणी आहे ती एकूण बाराची, आणि तीही जुनी मागणी संपून काही वर्षे लोटल्यानंतरची. पूर्वी जेवढे काम एका वर्षाचे होते, तेवढ्यासाठी आता साखळी नव्याने जुळवायची आहे.

शस्त्रास्त्रांच्या किमतीची चर्चा आपल्याकडे जवळजवळ नेहमीच वस्तूच्या अंगाने होते. विमान किती प्रगत आहे, इंजिन कोणाचे, रडार कोणते, दलाली कोणी खाल्ली, या मुद्द्यांवर संसदेपासून चहाच्या टपरीपर्यंत वाद रंगतात. ते विमान वर्षाला किती या गतीने तयार होणार आहे, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. वास्तविक खर्चाचा अंदाज बांधणारा माणूस सर्वप्रथम हाच प्रश्न विचारतो, कारण उत्पादनाचा वेग सांगितल्याशिवाय शस्त्राची किंमत सांगताच येत नाही.

हा हिशेब समजून घ्यायला विमानाचा कारखाना पाहावा लागत नाही. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात हट्टा नावाचे गाव आहे. हा सारा टापू हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद काढल्यावर ती शिजवावी लागते, वाळवावी लागते आणि मग पॉलिश करावी लागते. समजा, हट्ट्याच्या एखाद्या शेतकऱ्याने हळद शिजवण्याचा कुकर हंगामापुरता भाड्याने आणला. कुकरचे भाडे, तो शेतात आणून उभा करण्याचा खर्च आणि त्यावर राबणाऱ्या माणसांचा रोज, हे सारे हळद दहा क्विंटल असो की शंभर क्विंटल, ठरलेलेच. कुकर चार दिवस भरून चालला तर हा खर्च शंभर क्विंटलांवर वाटला जातो. मजूर अपुरे पडले, काढणी रेंगाळली आणि तीच हळद बारा दिवसांत थोडी थोडी करून शिजवावी लागली, तर भाडे बारा दिवसांचे, रोजही बारा दिवसांचा. हळद तेवढीच, कुकर तोच, पण क्विंटलमागचा खर्च वाढलेला. हे गणित त्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. देशाच्या संरक्षण खरेदीत मात्र ते वारंवार विसरले जाते.

आता हेच गणित विमानाला लावू. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. समजा, एका विमान कारखान्याचा वर्षाचा स्थिर खर्च ६०० कोटी रुपये आहे. स्थिर खर्च म्हणजे कारखाना एकही विमान न बनवता नुसता उभा ठेवला तरी होणारा खर्च: कायम कामगारांचे पगार, यंत्रांचा घसारा, जुळणीचे अवाढव्य सांगाडे, चाचणी केंद्र, गुणवत्ता तपासनीस, सुरक्षा, विजेचा किमान आकार. शिवाय प्रत्येक विमानाला लागणारा कच्चा माल, इंजिन, उपकरणे असा २०० कोटींचा बदलता खर्च आहे. वर्षाला २४ विमाने बाहेर पडली तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ कोटींचा स्थिर खर्च येतो आणि विमान २२५ कोटींना पडते. १६ विमाने झाली तर साडेसदतीस कोटी वाढून ते २३७.५ कोटींचे होते. आठच झाली तर २७५ कोटी, आणि चारच झाली तर ३५० कोटी. विमानाच्या आराखड्यात एका खिळ्याचाही फरक नाही. २४ वरून १६ वर येताना किंमत साडेबारा कोटींनी वाढते, पण आठवरून चारवर येताना ती ७५ कोटींनी वाढते. वेग जितका कमी, तितका त्यातल्या प्रत्येक घसरणीचा फटका मोठा.

याच उदाहरणात हवाई दलाला एकूण ९६ विमाने हवी आहेत असे धरू. २४ च्या गतीने ती चार वर्षांत मिळतील आणि एकूण खर्च होईल २१,६०० कोटी. आठच्या गतीने बारा वर्षे लागतील, स्थिर खर्च चारऐवजी बारा वेळा भरावा लागेल आणि एकूण बिल येईल २६,४०० कोटींचे. म्हणजे तीच ९६ विमाने ४,८०० कोटींनी महाग, आणि यात महागाई धरलेलीच नाही. पण अर्थखात्याच्या टेबलावर हे चित्र उलटे दिसते. पहिल्या पर्यायात दरवर्षी ५,४०० कोटींची तरतूद करावी लागते, दुसऱ्यात फक्त २,२०० कोटींची. यंदाच्या अर्थसंकल्पात ३,२०० कोटी 'वाचले' असे म्हणता येते. जो निर्णय एका वर्षाच्या हिशेबात काटकसरीचा ठरतो तोच बारा वर्षांच्या हिशेबात उधळपट्टीचा असतो, आणि अर्थसंकल्प एकेका वर्षाचाच मांडला जातो. वाढलेल्या बिलाची वेळ येते तेव्हा निर्णय घेणारे मंत्री आणि सचिव बहुधा त्या जागी राहिलेले नसतात.

खर्चाच्या अंदाजात वेगाबरोबरच आणखी एक गोष्ट काम करते. ती म्हणजे अनुभव. थिओडोर पॉल राइट या अमेरिकी विमान अभियंत्याने १९३६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. (विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंशी त्याचे नाते नव्हते.) बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की एका विमानाला लागणारे श्रम ठरावीक प्रमाणात, सुमारे वीस टक्क्यांनी, घटतात असे त्याला आढळले. पहिल्या विमानाला शंभर तास लागले असतील तर दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४, आठव्याला सुमारे ५१ आणि सोळाव्याला सुमारे ४१. कामगाराचा हात बसतो, चुका कमी होतात, हत्यारे योग्य जागी येतात, नकाशातली अडचण एकदा सुटली की पुन्हा सोडवावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने याचा पुरेपूर लाभ उठवला. फोर्ड कंपनीच्या विलो रन कारखान्यातून १९४४ मध्ये बी-२४ हे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान दर तासाला जवळपास एक या गतीने बाहेर पडत होते.

अनुभव आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र नीट लक्षात घ्यायला हवे. अनुभव मोजला जातो आजवरच्या एकूण संख्येवर. वेग मोजला जातो वर्षाच्या संख्येवर. एखाद्या कारखान्याने दोनशे विमाने बांधली असतील, म्हणजे अनुभव भरपूर. पण यंदा चारच बांधायची असतील, तर वेग नगण्य. खरी अडचण अशी की कोणत्याही प्रकल्पाच्या पहिल्या काही वर्षांत दोन्ही एकदमच वाढतात. उत्पादन जसे मुरते तशी वर्षाची संख्याही चढत जाते, आणि घटलेल्या खर्चापैकी किती श्रेय हात बसल्याचे आणि किती कारखाना भरून चालल्याचे, हे आकडेवारीतून वेगळे काढणे अवघड होते. अंदाज बांधणारा सगळे श्रेय अनुभवाला देऊन मोकळा झाला तर पुढे फसगत ठरलेली. त्याचे सूत्र सांगत राहते की संख्या वाढते आहे, म्हणजे किंमत उतरणार. प्रत्यक्षात सरकारने वार्षिक मागणी निम्म्यावर आणलेली असते आणि बिल चढते. म्हणूनच जाणकार अंदाजपत्रकात एकूण संख्येचा आणि वार्षिक वेगाचा परिणाम स्वतंत्रपणे धरतात आणि किंमत एका आकड्यात न सांगता वेगवेगळ्या गतींसाठी वेगवेगळी सांगतात.

शिवाय आलेला अनुभव कायम टिकत नाही. याचा महागडा धडा मुंबईने घेतलेला आहे. डिसेंबर १९८१ मध्ये भारताने पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन कील येथे बांधून आल्या आणि दोन माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. त्यातली 'शाल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. पाणबुडीच्या कवचाचे जोडकाम हे असामान्य कौशल्याचे काम. त्यासाठी माणसे जर्मनीत पाठवून तयार केली होती. दरम्यान १९८७ मध्ये या व्यवहारात दलाली दिली गेल्याचे आरोप झाले आणि आणखी दोन पाणबुड्या बांधण्याचा विचार मागे पडला. 'शंकुल' बाहेर पडल्यानंतर गोदीत पाणबुडीचे काम उरले नाही. पुढचा, स्कॉर्पीन जातीच्या सहा पाणबुड्यांचा करार झाला तो ऑक्टोबर २००५ मध्ये, अकरा वर्षांनी. तोपर्यंत शिकलेले हात पांगले होते, काही निवृत्त झाले होते, आणि माझगावने जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात केली.

स्कॉर्पीन प्रकल्पाचा मंजूर खर्च होता १८,७९८ कोटी रुपये. तो २०१० मध्ये सुधारून २३,५६२ कोटी करावा लागला. २०१२ मध्ये अपेक्षित असलेली पहिली पाणबुडी 'कलवरी' नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये. पण त्यानंतरचा क्रम पाहण्याजोगा आहे. 'खांदेरी' २०१९ मध्ये, 'करंज' आणि 'वेला' दोन्ही २०२१ मध्ये, 'वागीर' जानेवारी २०२३ मध्ये आणि 'वाघशीर' १५ जानेवारी २०२५ रोजी. पहिलीला बारा वर्षे लागली. पुढच्या पाच सात वर्षांत आल्या. गोदीचा हात पुन्हा बसला होता. आणि नेमक्या याच टप्प्यावर पुढची मागणी हाती नव्हती. आणखी तीन स्कॉर्पीनना जुलै २०२३ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, पण 'वाघशीर' नौदलात आली तेव्हा त्यांचा करार झालेला नव्हता. नव्या सहा पाणबुड्यांसाठी जर्मन भागीदारासह वाटाघाटी सुरू झाल्या त्या २०२५ मध्ये. करारापासून पहिल्या पोलादाच्या कापणीपर्यंत जाणारा काळ वेगळाच. १९९४ नंतर जे झाले त्याची छोटी आवृत्ती पुन्हा घडण्याची भीती नौदलाच्या वर्तुळात व्यक्त होत राहिली, ती यामुळेच.

खंडाचा हाच फटका परक्या कारखान्याकडूनही बसतो. 'तेजस'ला लागणारे एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे. पहिल्या ४० विमानांसाठीची इंजिने पुरवून झाल्यावर भारताची पुढची मागणी आली नाही आणि या प्रकाराच्या इंजिनाची उत्पादन साखळी कंपनीने बंद केली. ऑगस्ट २०२१ मध्ये एचएएलने ७१ कोटी ६० लाख डॉलरचा ९९ इंजिनांचा करार केला, तेव्हा साखळी पाच वर्षे थंड पडलेली होती. जगभरातले सुटे भाग पुरवणारे पुन्हा गोळा करावे लागले. पहिले इंजिन मिळाले मार्च २०२५ मध्ये. 'तेजस मार्क-१ ए'चा पुरवठा मार्च २०२४ पासून सुरू व्हायचा होता. तो ठरल्या वेळी सुरू झाला नाही. इंजिन उशिरा आले म्हणून एचएएलला दोष देणे सोपे आहे, आणि एचएएलचे स्वतःचे दोषही थोडे नाहीत. पण एकूण किती विमाने लागणार हे हवाई दल आणि मंत्रालय यांनी २०१५ च्या सुमारासच ठरवून इंजिनांची मागणी नोंदवली असती तर ती साखळी बंदच पडली नसती, हेही तितकेच खरे आहे.

'तेजस'ची खरेदीच मुळी तुकड्यातुकड्यांनी झाली. २० विमाने २००६ मध्ये, आणखी २० विमाने २०१० मध्ये. कारखान्याची क्षमता धरली गेली वर्षाला आठ. चाळीस विमानांची खात्री असलेल्या कारखान्यात वर्षाला सोळाचे सांगाडे उभे करायला कोण पैसे घालणार? सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योजकाची स्थिती तर अधिकच बिकट. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखानदार विमानाच्या भागासाठी महागडे सीएनसी यंत्र घेतो तेव्हा बँकेचा हप्ता दरमहा ठरलेला असतो. वर्षाला आठ विमानांचे भाग हवे असतील तर ते यंत्र महिन्यातले काही दिवसच चालणार. उरलेल्या दिवसांचा हप्ता तो भागाच्या दरात धरणार, किंवा हे काम सोडून मोटारीचे भाग करणार. वेगाचा परिणाम केवळ मुख्य कारखान्यात थांबत नाही. तो पुरवठादारांच्या प्रत्येक पायरीवर पुन्हा पुन्हा लागतो आणि अंतिम किमतीत साचत जातो.

सोळाच्या गतीसाठी सुमारे १,३८१ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली ती २०१७ मध्ये. त्यानंतर ८३ विमानांचा करार ३ फेब्रुवारी २०२१ रोजी झाला आणि ९७ विमानांचा २५ सप्टेंबर २०२५ रोजी. ओझरला 'तेजस'ची तिसरी साखळी उभी राहिली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्र्यांनी तिचे उद्घाटन केले. बेंगळुरूच्या १६ आणि ओझरच्या आठ मिळून वर्षाला २४ विमानांची क्षमता झाली. १८० विमाने आठच्या गतीने बांधायची तर साडेबावीस वर्षे लागली असती. २४ च्या गतीने ती साडेसात वर्षांत होतात. हवाई दलाची मंजूर संख्या ४२ स्क्वाड्रनची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर ती २९ वर आली. त्यामुळे या पंधरा वर्षांच्या फरकाचे मोल केवळ रुपयांत करता येणार नाही.

मग वेग तिप्पट झाल्यावर 'तेजस' स्वस्त झाले का? ८३ विमानांना मंत्रिमंडळाने ४५,६९६ कोटी मंजूर केले होते. ९७ विमानांचा करार करांशिवाय ६२,३७० कोटींचा आहे. दर विमानामागे साधारण ५५० कोटींवरून ६४३ कोटींवर. म्हणजे वाढच दिसते. परंतु २०२१ च्या करारातील लढाऊ विमानाची मूळ किंमत ३०९ कोटी आणि प्रशिक्षण विमानाची २८० कोटी असल्याचे एचएएलच्या तत्कालीन अध्यक्षांनी तेव्हाच सांगितले होते. बाकीची रक्कम तळांवरील यंत्रणा, सुटे भाग, सीमाशुल्क, जीएसटी आणि विनिमय दराची तजवीज यांची. नव्या करारात दोन आसनी विमानांची संख्या १० वरून २९ वर गेली आहे, 'उत्तम' रडार आणि 'स्वयं रक्षा कवच' ही देशी उपकरणे आली आहेत आणि मधल्या साडेचार वर्षांची महागाई आहेच. वेगामुळे होणारी बचत या साऱ्याखाली झाकली जाते. ती दाखवायची तर करारमूल्य फोडून सांगावे लागते आणि आपल्याकडे ते फारच थोडे फोडून सांगितले जाते. विमानाची 'किंमत' म्हणून छापलेल्या कोणत्याही आकड्याकडे म्हणूनच थोड्या संशयाने पाहणे इष्ट.

रिकाम्या साखळीचा भुर्दंड तिच्या शेजाऱ्यांनाही पडतो, ही गोष्ट सहसा नजरेआड राहते. एचएएलसारख्या कारखान्यात कामाची आकारणी मनुष्यतासाच्या दराने होते. स्थिर खर्च एकूण अपेक्षित मनुष्यतासांवर वाटून तो दर काढला जातो. नवी विमाने बांधण्याचे काम घटले की भागाकारातला छेद लहान होतो आणि दर चढतो. मग त्याच आवारात जुन्या सुखोईच्या मोठ्या देखभालीचे जे काम चाललेले असते त्याचेही बिल फुगते, जरी त्या कामात काहीही बदललेले नसले तरी. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला, मग मिग-२७ आणि त्यानंतर सुखोई अशी कामे त्याला मिळत गेली. सुखोई संपल्यावर 'तेजस' आणि एचटीटी-४० हे प्रशिक्षण विमान तेथे आले, त्यामागे जागा आणि हात रिकामे होते हेही एक कारण होतेच.

वेग वाढवत नेला की किंमत उतरतच जाईल, असेही नव्हे. एका मर्यादेनंतर दुसरी-तिसरी पाळी, जादा कामाचा दुप्पट रोज, नवखे कामगार, नवे सांगाडे आणि चुकांची दुरुस्ती यांनी खर्च पुन्हा चढू लागतो. युक्रेन युद्धानंतर अमेरिकेने १५५ मिलिमीटर तोफगोळ्यांचे उत्पादन महिन्याला १४,००० वरून एक लाखावर नेण्याचे ठरवले, तेव्हा त्यासाठी कित्येक अब्ज डॉलर ओतावे लागले. आणि दोन वर्षे उलटल्यावरही गाडी ४०,००० च्याच आसपास होती. दारूगोळ्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा संबंध फार जवळचा. खडकी, चांदा, भंडारा, वरणगाव, अंबाझरी ही आयुध निर्माणींची नावे इथल्या कित्येक कुटुंबांच्या उपजीविकेशी जोडलेली आहेत. युद्धात एकदम मागणी वाढली तर ती पुरवता यावी म्हणून या कारखान्यांत शांततेच्या काळात जास्तीची क्षमता मुद्दाम राखली जाते. ही क्षमता म्हणजे विम्याचा हप्ता आहे. पण वर्षानुवर्षे तो हप्ता प्रत्येक गोळ्याच्या किमतीत मिळवला गेला आणि मग आयुध निर्माणींचा माल महाग असल्याची टीका झाली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाला आता खासगी कारखान्यांशी दराने झुंजावे लागते. अशा वेळी राखीव क्षमतेचा खर्च सरकारने उघडपणे वेगळा द्यावा, हेच न्याय्य ठरेल.

मागणी दोघांत वाटून द्यावी का, हा त्याच प्रश्नाचा आणखी एक पदर. मार्च २०२५ मध्ये ३०७ 'अटाग्ज' तोफा आणि त्या ओढणाऱ्या वाहनांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला. पुण्याच्या 'एआरडीई' या संशोधन संस्थेने आराखडा केलेल्या या तोफांपैकी साठ टक्के पुण्याच्याच भारत फोर्जकडे आणि चाळीस टक्के टाटांकडे गेल्या. स्पर्धा राहते, एक कारखाना अडला तर दुसरा असतो, हे लाभ खरेच. पण दोन ठिकाणी दोन स्थिर खर्च भरावे लागतात आणि दोघांचाही हात अर्ध्या संख्येवरच बसतो. मागणी मोठी असेल तर हे परवडते. तीनशे तोफा हा आकडा त्या सीमेवरचाच म्हणावा लागेल. भारत फोर्जला निर्यातीच्या मागण्या मिळत राहिल्या तरच तो सुखाचा ठरेल.

श्रीमंत राष्ट्रेही या फेऱ्यातून सुटलेली नाहीत. अमेरिकेने बी-२ ही १३२ विमाने घ्यायचे ठरवून २१ वर थांबवली. विकासखर्च धरून एकेक विमान दोन अब्ज डॉलरच्या वर गेले. एफ-२२ विमाने ७५० ऐवजी १८७ घेतली. किंमत वाढली म्हणून संख्या कापायची, संख्या कापली म्हणून किंमत वाढायची, असे हे दुष्टचक्र. पुढे लॉकहीड मार्टिनचे प्रमुख झालेले नॉर्मन ऑगस्टीन यांनी १९८० च्या दशकात विनोदाने हिशेब मांडला होता की हा कल असाच चालला तर २०५४ मध्ये अमेरिकेच्या सबंध संरक्षण अर्थसंकल्पात एकच विमान येईल आणि ते हवाई दल व नौदल यांना आठवड्यातून साडेतीन-साडेतीन दिवस वाटून घ्यावे लागेल. व्हर्जिनिया वर्गाच्या पाणबुड्या वर्षाला दोन बांधायचे अमेरिकी संसदेने वर्षानुवर्षे ठरवले, पैसेही दिले. प्रत्यक्षात गोद्यांमधून वर्षाला दीडही निघेनात. तेव्हा नुसता पैसा मंजूर करून वेग येत नाही. कुशल हात आणि पुरवठादार आधीपासून जपावे लागतात.

आपल्याकडे त्याआधीची पायरीच डळमळीत आहे. भांडवली तरतूद ३१ मार्चला संपते. खर्च न झालेली रक्कम परत जाते. कारखान्याला मात्र पाच-सात वर्षांची खात्री लागते. संरक्षणासाठी वर्षअखेरीस न संपणारा निधी उभारावा, अशी शिफारस पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ मध्ये सादर झालेल्या अहवालात केली होती. तसा निधी झाला तरी त्याने सगळे भागणार नाही, पण निदान वेग ठरवताना मार्च महिना आडवा येणार नाही.

ओझरच्या नव्या साखळीपुरता प्रश्न लवकरच समोर येईल. ९७ विमानांचा पुरवठा २०२७-२८ मध्ये सुरू होऊन सहा वर्षांत पूर्ण व्हायचा आहे, म्हणजे २०३३ च्या सुमारास 'मार्क-१ ए'चे काम संपेल. त्या जागी यायचे आहे अधिक मोठे 'तेजस मार्क-२'. त्याचे इंजिन वेगळे, सांगाडे वेगळे, आणि चाचण्या पुऱ्या होऊन उत्पादन सुरू व्हायला जो काळ लागेल तो यातूनच वजा होणार. 'मार्क-२'ची मागणी, तिची वार्षिक संख्या आणि इंजिनांचा करार २०३० च्या आत ठरला नाही, तर ही साखळी पुन्हा रिकामी उभी राहील, आणि त्यानंतरच्या पहिल्या विमानाच्या किमतीत त्या रिकाम्या वर्षांचेही भाडे मिळवलेले असेल.